माजघरातल्या जुन्या नक्षीच्या फरश्या काढाव्यात का? आणि अंगणाला काय घालावं?

राजापूरची_लेक

नमस्कार मंडळी. घर राजापूर तालुक्यात, मी ठाण्याला. घरी आई एकटी असते, वय 74. गेल्या श्रावणात ती पडवीत घसरली आणि उजवं मनगट मोडलं. पडवीला चार वर्षांपूर्वी आम्हीच हौसेने दुधाळ रंगाच्या, चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स घातल्या होत्या. पावसाळ्यात वावझड आत येते, आणि ओल्या पायाने त्यांच्यावर उभंही राहवत नाही. ते प्लास्टर चढलेलं मनगट मी विसरू शकत नाही. म्हणून या वेळी विचारून मगच काम काढणार आहे.

माजघर 12 बाय 14 फुटांचं. तिथे आजोबांनी घातलेल्या सिमेंटच्या नक्षीदार फरश्या आहेत, आठ इंची, तांबडा-काळा-पिवळट रंग, कडेने वेलीची पट्टी. रंग मळकट झालाय, काही हलतात. ठेकेदार म्हणतो, "काढायलाही नको, वरूनच नवीन टाइल चिकटवू, दोन दिवसांत मोकळे." आई थेट नाही म्हणत नाही. एवढंच म्हणते, "उन्हाळ्यात थंड असतात गो त्या."

दुसरं अंगण. 30 बाय 25, आजपर्यंत सारवलेलं. आता आईला सारवणं जमत नाही आणि माणूस मिळत नाही. दिवाळीनंतर काम सुरू करून शिमग्याला पालखी दारात यायच्या आत संपवायचंय. काय घालू?

देवरुखचा_अण्णा

ताई, आधी माजघराचं बोलतो, कारण ते एकदा गेलं की परत येत नाही.

त्या फरश्या भट्टीत भाजलेल्या नसतात. धातूच्या साच्यात पांढरं सिमेंट, संगमरवराची भुकटी आणि रंग यांचा पातळ थर हाताने ओततात, त्यावर सिमेंट-वाळू भरून दाबयंत्राखाली दाबतात, आणि मग पाण्यात मुरवतात. रंग वरवरचा नसतो, काही मिलीमीटर खोल असतो. म्हणूनच साठ-सत्तर वर्षं पाय घासूनही नक्षी पुसली जात नाही. मळकट दिसतोय तो बहुतेक वरचा मळ आणि फिनेलचे थर. आमच्याकडे घासायचं मशीन आणून पाण्याच्या पॉलिशचे तीन हात दिले, तेव्हा माझ्या काकूने खाली बसून फरशीवर हात फिरवला. हा रंग तिने लग्न होऊन आली तेव्हा पाहिला होता.

वरून टाइल चिकटवली तर काय होतं तेही सांगतो, कारण मी एका खोलीत ते केलंय. टाइल आणि खालचा मसाला मिळून अर्धा-पाऊण इंच उंची चढते. दारं खालून कापावी लागली आणि उंबरठा जमिनीत गेल्यासारखा दिसायला लागला. त्याहून वाईट म्हणजे ओल. आपल्या जुन्या चिऱ्याच्या घरांत जोत्याला ओल अडवणारा थर नसतो. जमिनीची ओल फरशीतून हळूहळू सुकत असते. आमच्या त्या खोलीत वरचं तोंड बंद झालं आणि दुसऱ्याच पावसात भिंतींना हातभर उंचीपर्यंत लोणा, म्हणजे ओलीने येणारा पांढरा खार, चढला. आधी तिथे लोणा कधी नव्हता.

तेव्हा असं करा. खोलीतली प्रत्येक फरशी रुपयाच्या नाण्याने वाजवा. भरीव आवाज आला तर तिला हात लावू नका. पोकळ वाजली तर खडूने फुली मारा. फुलीवाल्या तेवढ्याच सुट्या करून, खालचा भुसभुशीत चुना खरवडून, नव्या मसाल्यात परत बसवायच्या. आणि माळ्यावर, गोठ्यात, परसदारी शोधा. जुनी माणसं उरलेल्या फरश्या टाकून देत नसत. नाहीच मिळाल्या तर अशा फरश्या आजही बनतात. मुंबईची भारत फ्लोअरिंग टाइल्स 1922 पासून त्या करते. जुन्या फरशीचा चांगला फोटो आणि मापं घेऊन विचारा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. ॲसिड घालू देऊ नका. साफसफाईवाले सर्रास बाटली घेऊन येतात. ॲसिड सिमेंट खातं, आणि मग फरशी खरखरीत होऊन आणखी मळ धरते. लिंबू, व्हिनेगर, चिंचही नको. आणि कोकमं! आगळ सांडली तर लगेच पुसायची, रात्रभर राहिली तर तिथे कायमचा फिका डाग पडतो. रोज साधं पाणी, आठवड्याला किंचित साबण, बस.

फरशीवाला_सावंतवाडी

अण्णांशी सहमत. मी टाइल्स विकतोही आणि बसवतोही, तरी सांगतो: माजघराला नवी टाइल घेऊ नका.

पडवीची मात्र बदला. दुकानात 'अँटीस्किड' एवढ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, आर नंबर विचारा. तो जर्मन चाचणीतून येतो: तेल लावलेल्या उतारावर माणूस चालवतात आणि किती अंशांवर घसरतो ते पाहतात. आर 9 म्हणजे 6 ते 10 अंश, आर 10 म्हणजे 10 ते 19, आर 11 म्हणजे 19 ते 27. वावझड येणाऱ्या पडवीला आणि न्हाणीच्या वाटेला आर 11 घ्या. फार खडबडीत घेतली तर आईंना पुसताना मनगटाला त्रास होईल, तेवढा तोल सांभाळा. शक्य असेल तर आईंनाच दुकानात न्या. टाइल जमिनीवर ठेवून साबणाचं पाणी ओता आणि हात धरून उभं करा. कागदापेक्षा पायाला लवकर कळतं.

खरेदीतली चूक जी रोज पाहतो: दोन बाय दोनची टाइल खरी 600 मिलीमीटरची असते, म्हणजे दोन फुटांना थोडी कमी. चार टाइल्सच्या पेटीत साडेपंधरा चौरस फूट भरतात, सोळा नाही. त्यावर तुटफुटीला दहा टक्के धरा. सगळ्या पेट्यांवरचा शेड आणि बॅच नंबर एकच आहे का, हे टेम्पोतून उतरवतानाच बघा. गुजरातेतल्या मोरबीच्या कारखान्यांतून तोच माल महिन्याने मागवला तरी रंग जुळेलच असं नाही.

बसवताना: व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही, म्हणून नुसत्या सिमेंटच्या घोळाला ती धरून राहत नाही. टाइल अ‍ॅडेसिव्हच वापरा, आणि खाली चारी कोपऱ्यांपर्यंत मसाला पोचलाय ना ते एक-दोन टाइल्स उचलून बघा. मधेच पाच गोळे टाकून दाबणारा मिस्त्री असेल तर तिथेच थांबवा. आणि सांधा ठेवायला सांगा, कमीत कमी दोन-तीन मिलीमीटर. टाइलला टाइल भिडवून सुंदर दिसते, पण उन्हात फुगली की उचलते.

राजापूरची_लेक

दोघांचे खूप आभार. काल नाणं घेऊन बसले. एकूण 378 फरश्या, त्यात 23 पोकळ, 5 तुटक्या. माळ्यावर काही नव्हतं, पण परसदारी पाण्याच्या रांजणाखाली त्याच नक्षीच्या सहा निघाल्या! आईला ठाऊक होतं, मी कधी विचारलंच नव्हतं. ठेकेदाराला नाही म्हणून कळवलंय.

अंगणाचं सांगा ना. शेजाऱ्यांनी सिमेंटचे रंगीत पेव्हर घातलेत, पण जूनमध्ये पाणी ओटीच्या पायरीला लागतं.

देवरुखचा_अण्णा

पाणी पायरीला लागतं म्हणजे ढाळ चुकला. ऐंशीला एक एवढा ढाळ तरी हवा. तुमच्या 25 फुटांत घराकडून गडग्याकडे, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीकडे, पावणेचार इंच उतार येतो. आधी नळीने पातळी काढा, मग दगडाचं बोला.

मी जांभ्या चिऱ्याच्या दीड इंची लाद्या घालीन. खाली सिमेंटचा कोबा नको. खडी आणि कच (दगडाचा बारीक चुरा) यांचा चोपलेला थर, सांध्यांत कच. पाणी तिथल्या तिथे मुरतं, विहिरीलाही बरं. चिऱ्यावर शेवाळ येतं, विशेषतः सावलीच्या बाजूला, हे मान्य करूनच घाला. पावसाळ्यात आठ-पंधरा दिवसांनी खराटा आणि ब्लिचिंग पावडरचं पाणी मारायला माणूस बांधून ठेवा. ब्लिचिंग आणि ॲसिड कधीही एकत्र करू नका, विषारी वायू होतो. गुळगुळीत शहाबादी किंवा कोटा मात्र अंगणात नकोच. पावसात घसरतात, आणि दोन्ही चुनखडीचे दगड असल्याने आंबट लागलं की डाग धरतात. तुम्ही आमसुलं अंगणातच वाळवत असणार.

तुळशीभोवती हातभर माती मोकळी ठेवा. आणि मांडव! सगळं फरसबंद केलं की दिवाळीनंतर मेढी, म्हणजे मांडवाचे खांब, कुठे पुरणार? आताच मांडवाच्या मापाने चार इंची पाइपचे हातभर लांब तुकडे उभे गाडून घ्या, वर बूच. पावसाळ्यात बूच लावायचं, मांडव घालताना काढायचं.

फरशीवाला_सावंतवाडी

पाइपाच्या तळाला खडी भरा, नाहीतर आत पाणी साचून मेढ कुजेल.

राजापूरची_लेक

मेढींचं माझ्या डोक्यातच नव्हतं. आईला सांगितलं तर तिने लगेच बाहेर जाऊन नऊ जागा पायाने दाखवल्या. एकच शेवटचं: रांजणाखालून काढलेल्या सहा फरश्यांवर पांढरा जाड थर बसलाय. ॲसिड नाही, मग कशाने काढू?

देवरुखचा_अण्णा

आठवडाभर सावलीत वाळू द्या. मग बोथट लाकडी पट्टीने जेवढा सुटेल तेवढा काढा. उरलेल्याला पाणी लावून 220 नंबरचा पॉलिश पेपर गोल-गोल, हलक्या हाताने. एका कोपऱ्यावर आधी करून बघा. आणि बसवताना त्या कपाटाखाली नाही, दाराजवळ बसवा, तिथल्याच तुटल्या असतील.