वेळास की आंजर्ले? कासवं बघायला जायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मार्चच्या शेवटी पुण्याहून कोकणात ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला निघायचा विचार आहे. सोबत सासूबाई (गुडघ्यांचा त्रास) आणि सात वर्षांची लेक.

२००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन वेळासला अंडी राखायला सुरुवात केली, एवढं माहीत आहे. अंडी हॅचरीत (किनाऱ्यावरच्या राखलेल्या जागेत) पुरतात, त्या खड्ड्यांवर टोपल्या झाकलेल्या असतात, साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं निघतात. सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून बघतात; पिल्लं असली तर सोडतात, नसली तर नाही. म्हणजे नशिबाचाच भाग, आणि तो तसाच असावा. पण लेकीला हे समजावणं कठीण!

तर विचारायचं होतं: त्या दिवसांत पिल्लं दिसण्याची शक्यता कुठे जास्त असते? वेळासला गावातून किनाऱ्यापर्यंत किती चालावं लागतं, रिक्षा मिळते का? घरगुती राहण्याच्या सोयीत कमोड आणि खाट असलेलं घर कुणाला माहीत आहे का? बागमांडला-वेसवी फेरीबोटीतून गाडी नेणं बरं की महाडवरून मंडणगड?

शनिवार-रविवारची झुंबड नको, म्हणून मधल्या वारी जाणार आहोत. समुद्रगरुडाचं घरटं दिसतं असंही ऐकलंय, दुर्बीण आणू का? रिसॉर्ट कृपया सुचवू नका.