टॉवर उभा, रेंज नाही: ग्रामसभेच्या ठरावात नेमकं काय मागायचं?

सिरोंचावाला
गडचिरोलीच्या भामरागड, एटापल्ली, सिरोंचा पट्ट्यात सरकारी निधीतून 4जी टॉवर मंजूर होऊन राहिले. पण लोखंड उभं झाल्यावरही काही ठिकाणी रेंज नाही, कुठं पावसाळ्यात गायब. ‘लवकर सुरू करा’ एवढं लिहून भागते का?

लाइनमन_चंद्रपूर
नाही भागत. टॉवर हा त्यातला सोपा भाग. ठरावात दोन गोष्टी विचारा: वीज कुठून अन् बॅकहॉल (टॉवरला पुढच्या नेटवर्कशी जोडणारा दुवा) कोणता.

सोलर असेल तर हिशेब करा. साइटचा भार 1 किलोवॅट धरला तर दिवसाला 24 युनिट लागतात. चार तासांचं चांगलं ऊन धरलं तरी 6 किलोवॅटच्या प्लेटा फक्त बरोबरीसाठी. नुकसान धरून 8 तरी पाहिजे. बॅटरी 48 व्होल्टची. एका दिवसाच्या साठ्याला 500 अँपिअर-तास. लेड-ॲसिड अर्ध्यापर्यंतच उतरवायची, म्हणून 1,000. सलग झडीत हे सगळं तोकडं पडते, मग डिझेल कोण नेणार? श्रावणात रेंज जाण्याचं एक कारण हेच.

बॅकहॉल उपग्रहाचा असला तर आवाज पोचायला पाव सेकंद अन् उत्तर ऐकू येईपर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आसपास उशीर होतो, कारण उपग्रह 36,000 किमीवर. मायक्रोवेव्हला (डिशवरून बिनतारी जोडणीला) दोन टॉवरमध्ये नजर मोकळी पाहिजे. मधात सागाची झाडं वाढली की सिग्नल पडला.

फायबर_खोदू
फायबर सगळ्यात चांगलं, पण जमिनीत 1.65 मीटर खोल असेल तरच टिकते. रस्ता रुंद करणाऱ्याचा जेसीबी वरवरची केबल पहिल्याच दिवशी तोडतो. ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये (गावोगावी फायबर नेणारी सरकारी योजना, 1,39,579 कोटी) रिंग पद्धत (केबलचा वेढा, एका बाजूनं तुटली तरी दुसरीकडून चालते) अन् 10 वर्षांची देखभाल आहे. नकाशा मागून पाहा: रिंगच्या दोन्ही बाजू पर्लकोटा नदीच्या एकाच पुलावरून नेल्या असतील तर ती रिंग नावालाच.

जंगलातून लाइन न्यायला वनहक्क कायदा 2006, कलम 3(2) आहे. दूरसंचार वाहिनीसाठी 1 हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी 75 पर्यंत झाडं, ग्रामसभेची शिफारस. तो ठराव आधीच तयार ठेवला तर फाइल अडून राहत नाही.

निधीचा_हिशेब
योजनेचं नावही लिहा, भाऊ. जुलै 2022 च्या 4जी सॅच्युरेशन योजनेत (4जी न पोचलेल्या गावांसाठीची) 24,680 गावं अन् 26,316 कोटी; त्यात पाच वर्षांचा चालवण्याचा खर्च धरलेला आहे. म्हणून ‘डिझेलला पैसे नाहीत’ हे उत्तर लगेच मान्य करू नका. हा पैसा टेलिकॉम कंपन्यांच्या महसुलावरच्या 5 टक्के आकारणीतून जमणाऱ्या निधीतला.

सिरोंचावाला
अन् टॉवर चालू असून फोनवर काहीच दिसत नसेल तर?

लाइनमन_चंद्रपूर
फोन पाहा. बीएसएनएलचं 4जी 700 मेगाहर्ट्झवर, म्हणजे बँड 28 (लहरींचा एक पट्टा) वरही चालते. बऱ्याच जुन्या स्वस्त फोनात तो बँडच नाही. सिमही 4जीचं पाहिजे. डेटा चालतो पण कॉल लागत नाही, तर व्होएलटीई (4जीवरून कॉल करायची सोय) चालू आहे का ते तपासा.