नर सिंह आयतखाऊ आहे का?

लातूरकर: शिकार करायची सिंहिणींनी आणि पहिला घास आयाळवाल्या महाराजांचा. पिल्लं उपाशी राहिली तरी हे आधी जेवणार. कसला राजा? माझं मत स्पष्ट आहे, नर सिंह आयतखाऊ. पटत नसेल त्यांनी खोडून दाखवा.

परभणीच्या बाई: हे टांझानियातल्या सेरेनगेटीच्या मोकळ्या माळावर, जीपमधून बघितलेलं ज्ञान. नर रात्री दाट झुडपात एकटा दबा धरतो, तो दिसणार कसा? दक्षिण आफ्रिकेत क्रुगरच्या जंगलात सिंहांच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे बांधून अभ्यास केला, 2013 साली तो छापून आला. नरांच्या शिकारी दाट झाडीत झालेल्या निघाल्या. शिवाय रानम्हशीसारखं जड जनावर लोळवायला नराचंच वजन कामी येतं.

माळावरचा धनगर (बीड): नामिबियातल्या एटोशात म्हणं काही सिंहिणी बाजूनं फिरून कळप हुसकतेत आन् बाकीच्या मधी दडून बसतेत. ज्याची त्याची जागा ठरलेली. आमच्याकडं लांडगे बी असंच करतेत. एक जण कुत्र्यायला मागं लावून पळतो, दुसरा उलट्या अंगानं येऊन कोकरू उचलतो. नर-मादी कुठं बघत बसता!

लातूरकर: म्हणजे वेढा घालतात त्या सिंहिणीच ना? माझंच म्हणणं झालं की.

परभणीच्या बाई: थांबा. सेरेनगेटीत सोपं सावज असलं की बऱ्याचदा एकच सिंहीण धावते, बाकीच्या बसून बघतात आणि नंतर जेवायला हजर. रानम्हैस असली तरच सगळ्या उठतात. मग त्यांनाही आयतखाऊ म्हणा! आणि आपल्या गीरचं काय? 2025 च्या गणनेत गीर आणि आसपासच्या सौराष्ट्रात मिळून 891 सिंह मोजले. तिथले नर एरवी माद्यांपासून वेगळेच राहतात. चितळ काय त्यांना कुणी वाढून देतं?

लातूरकर: गीरचं राहू द्या. टांझानियातल्या न्गोरोंगोरोत तरसं रात्री शिकार करतात आणि सिंह ती बळकावतो. सकाळी बघणाऱ्याला वाटतं, तरसंच उष्टं खायला टपलीत. हे आयतं नाही तर काय?

माळावरचा धनगर (बीड): दादा, तरसाच्या टोळीच्या तोंडातून काढून घेणं आयतं आसतंय व्हय? जाऊन बगा एकदा.