'मेइजी इशिन'ला 'पुनःस्थापना' म्हणावं का?

शंकेखोर
स्पर्धा परीक्षेच्या वर्गासाठी जपानच्या इतिहासाची टिपणं मराठीत आणतोय. १८६८ला शोगुनची (लष्करी सत्ताधीशाची) सत्ता जाऊन ती सम्राट मेइजीकडे आली, त्या घटनेला जिकडेतिकडे 'मेइजी पुनःस्थापना' लिहिलेलं दिसतं (मेजी, मेईजी अशीही रूपं भेटली). काल एका मुलानं विचारलं, "सर, नेमकं काय पुन्हा स्थापन केलं? पुढच्या दोन पानांत तर जुनं सगळं मोडूनच टाकलंय." मी तेव्हा वेळ मारून नेली. दुसरा शब्द सुचतो का? आणि शोगुन, दाइम्यो (ठिकठिकाणचे सरदार), हान (त्यांची राज्यं), कोकू (धान्याचं माप) यांना मराठी शब्द द्यावेत की तसेच ठेवावेत?

कोशकिडा
मुलगा बरोबर बोलला. जपानीत इथे दोन वेगळे शब्द आहेत, आपण त्यांचा एक करून टाकलाय.

पहिला 'ओसेई फुक्को'. ३ जानेवारी १८६८ रोजी क्योतोच्या दरबारातून जी घोषणा झाली, तिचं हे नाव. राजसत्ता पूर्वीसारखी सम्राटाकडे परत, असा सरळ अर्थ. इथे 'पुनःस्थापना' चपखल बसते.

दुसरा 'इशिन'. यातल्या 'शिन'चा अर्थच नवा. शब्द आला जुन्या चिनी काव्यसंग्रहातल्या एका ओळीतून: चौ हे राज्य जुनं, पण त्याला मिळालेला दैवी आदेश नवा. त्या काळची साधी माणसं तर 'गोइश्शिन' म्हणत, म्हणजे सगळं एकदम नवं. इंग्रजीनं पहिल्या शब्दाचा अर्थ दुसऱ्यावर चढवला, आणि आपण मूळ न बघता तो इंग्रजीतून उचलला.

घोषणा झाली तेव्हा सम्राट पंधरा वर्षांचा होता. त्याच्या नावानं कारभार करणारे सात्सुमा आणि चोशू या दोन सरदारी राज्यांचे तरुण सामुराई 'आम्ही जुनं परत आणतोय' म्हणत म्हणत नवं उभं करत होते. १८७१ला सरदारांची राज्यं खालसा, १८७३ला सक्तीची लष्करभरती, १८७६ला सामुराईंच्या तलवारींवर बंदी आणि त्यांचे तनखे बंद करून हातात सरकारी रोखे. ज्यांनी हे केलं, त्यांच्याच वर्गाची त्यात वाट लागली. याला पुनःस्थापना कसं म्हणणार?

'नूतनीकरण' मात्र नको. त्याला वाहन परवान्याचा वास येतो. मी 'मेइजी नवपर्व' म्हणेन.

सातारकर
'नवपर्व' दिवाळी अंकाचं नाव वाटतं, पण असो. शोगुनचं म्हणाल तर प्रतिशब्द तयार आहे: पेशवा. गादी साताऱ्याला, कारभार पुण्याला. तिकडे गादी क्योतोला, कारभार एदोला (आजचं तोक्यो). पेशवाईची वस्त्रं साताऱ्याहून येत, तशी शोगुनची नेमणूकही सम्राटाच्या दरबारातूनच व्हायची. आणखी काय हवं?

कोशकिडा
समजावून सांगायला उपमा छान आहे, प्रतिशब्द म्हणून नाही. पेशवा मुळात प्रधान. शोगुन मुळात सेनापती. पूर्ण पदवी 'सेई-इ ताइशोगुन', रानटी टोळ्यांचं पारिपत्य करणारा महासेनापती. त्याच्या सरकारचं नाव 'बाकुफू', त्यातला 'बाकु' म्हणजे लष्करी छावणीतला कनातीचा पडदा. कनातीआडचं सरकार! शिवाय तोकुगावा शोगुन स्वतःच देशातला सर्वांत मोठा जमीनदार होता. १६०३पासून १८६७पर्यंत एकाच घराण्यातले पंधरा शोगुन झाले. पेशव्याच्या जवळचं पद शोधायचंच तर ते शोगुनच्या हाताखालच्या 'रोजू' या ज्येष्ठ मंत्र्यांच्या मंडळात सापडेल.

मापटं-चिपटं
'हान'ला मी बिनदिक्कत 'संस्थान' म्हणेन. अशी अडीचशेच्या वर होती. मग १८७१चं 'हाइहान चिकेन' म्हणजे सरळ 'संस्थानांचं विलीनीकरण', आणि कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला पुढचं काही समजावावं लागणार नाही. एकच फरक सांगून ठेवा. आपल्या संस्थानिकांना कुणी बायकापोरं दिल्लीत ठेवायला लावली नव्हती. दाइम्योंना १६३५पासून तो नियमच होता: एक वर्ष आपल्या मुलखात, एक वर्ष एदोत, आणि बायको व वारस कायम एदोत. यासाठी मराठीत 'ओलीस' आहे, उगाच लांबलचक शब्द घडवू नका.

कोकू मात्र कोकूच ठेवा. तो वजनाचा नाही, मापाचा शब्द आहे, आपल्या पायली-खंडीच्या कुळातला. सुमारे १८० लिटर तांदूळ, म्हणजे एका माणसाची वर्षाची बेगमी. दाइम्यो म्हणवून घ्यायला निदान दहा हजार कोकूंचा मुलूख लागे. सरदाराची पत माणसांच्या पोटात मोजायची, हे मला भारी आवडतं.

शंकेखोर
हे सगळं वापरतो. १८७३च्या भरतीविरुद्धच्या दंग्यांना एके ठिकाणी 'रक्तकर दंगे' लिहिलंय. छापायची चूक आहे का?

कोशकिडा
चूक नाही, आणि हा शब्द तर या चर्चेसाठीच जन्माला आलाय. १८७२च्या अखेरीस सरकारनं भरतीचा जाहीरनामा काढला. फ्रेंचांकडे लष्करी सेवेला रक्ताचा कर म्हणत. जपानी लेखनिकानं त्याचं शब्दाला शब्द भाषांतर केलं, 'केत्सुझेई', आणि वर खुलासा जोडला की माणसानं आपल्या रक्तानं देशाचं देणं फेडायचं. खेड्यापाड्यांत अफवा उठली की सरकार पोरांना नेऊन त्यांचं रक्त काढणार. १८७३मध्ये पश्चिम जपानात ठिकठिकाणी दंगे पेटले. अर्थात राग नुसत्या शब्दाचा नव्हता. घरचा कमावता हात जाणार, नव्या शाळांचा खर्च डोक्यावर, हे होतंच. पण ठिणगी पडली ती कच्च्या भाषांतराची.

मापटं-चिपटं
त्या दंग्यांची दुसरी बाजूही टिपणात घ्या. मिमासाका भागात जमावानं बुराकू (अस्पृश्य मानलेल्यांच्या) वस्त्यांवर हल्ले केले, माणसं मारली. कारण १८७१च्या फर्मानानं 'एता' आणि 'हिनिन' हे अस्पृश्य दर्जे रद्द झाले होते, आणि शेजारच्या शेतकऱ्यांना ती बरोबरी सोसत नव्हती. फर्मानानं ही माणसं 'हेइमिन' झाली, म्हणजे सामान्य प्रजा. पण बाकीचे त्यांना 'शिन-हेइमिन' म्हणू लागले. नव-सामान्य! 'नव' लावला की कालचा डाग आजही दिसतो. आपल्याकडे 'नवबौद्ध' शब्दाला अनेक जण हरकत घेतात, ती का ते इथे कळतं. म्हणजे 'शिन' दर वेळी शुभच असतो असं नाही, कोशकिडे.

कोशकिडा
मान्य. माझ्या 'नवपर्व'ला हा टोला लागला.

योकोहामाकर
उशिरा आलो. महायुद्धाच्या भागातही शब्द जपून घ्या, तिथे जास्त घसरगुंडी आहे. इकडे १५ ऑगस्टला टीव्हीवर 'शूसेन' ऐकू येतं, म्हणजे युद्धसमाप्ती. 'हाइसेन', म्हणजे पराभव, हाही शब्द आहे, पण वापरणारे तो मुद्दाम निवडून वापरतात. १९४५च्या त्या दिवशीच्या रेडिओ भाषणात सम्राटानं 'पराभव' किंवा 'शरणागती' हे शब्द उच्चारलेच नाहीत. युद्धाची स्थिती आपल्याला अनुकूल झालीच असं नाही, इतकंच. त्यात भाषा दरबारी, बऱ्याच जणांना कळली नाही. नंतर निवेदकानं मजकूर पुन्हा वाचून दाखवला.

आधीची दोन वर्षंही तशीच. फेब्रुवारी १९४३ला पॅसिफिकमधल्या ग्वादालकनाल बेटावरून माघार घेतली तर ती 'तेन्शिन', दिशा बदलून आगेकूच. मे महिन्यात आत्तू बेटावरची तुकडी जवळजवळ पुरती कापली गेली तर 'ग्योकुसाई', रत्न फुटलं. पुढे अमेरिकी फौजा देशात बसल्या, त्यांना कब्जा करणारं सैन्य न म्हणता 'शिन्चूगुन' म्हणत, येऊन मुक्काम केलेलं सैन्य.

सातारकर
'रत्न फुटलं' वाचून पानिपतचं पत्र आठवलं. दोन मोती गळाले, मोहरा हरपल्या, खुर्दा किती गेला गणती नाही.

योकोहामाकर
मलाही आठवलं होतं. पण आपल्या पत्रात मोती म्हणजे कोण ते वाचणाऱ्याला कळत होतं. लेखी गुपित, मनात आकांत. ग्योकुसाईचा उपयोग उलटा, आकांत होऊ नये म्हणून.

शंकेखोर
१९४७च्या राज्यघटनेतलं नववं कलम आणि १९५४चं सैन्य, तिथेही असंच काही?

योकोहामाकर
'सैन्य' लिहिलंत तिथेच फसलात. ते 'जिएइताई' आहे, आत्मसंरक्षण दल. घटनेत लिहिलंय की सैन्य बाळगणार नाही, म्हणून शब्दही बाळगायचा नाही. रणगाड्याला जपानी शब्द 'सेन्शा', शब्दशः युद्धगाडी. युद्ध तर घटनेनं सोडून दिलेलं. तेव्हा सुरुवातीला या दलात रणगाड्याला 'तोकुशा' म्हणत, म्हणजे विशेष वाहन.

शंकेखोर
उद्या फळ्यावर 'विशेष वाहन' एवढंच लिहून ठेवतो. बघू, त्या मुलाला ओळखता येतं का.