अळूचं बी मातीत पुरू नका

अळूचं बी अर्धा इंच खोल पेरलं आणि महिनाभरात काहीच उगवलं नाही, अशी एकाची तक्रार आहे. चूक तिथेच आहे. अळूचं बी खसखशीसारखं बारीक असतं आणि त्याला उजेड लागतो, म्हणून ते मातीने झाकायचंच नाही.

फळं हिरवी असताना तोडू नका. दांड्यावरचा घोस पिवळसर होऊन बोटाने दाबला जाईल इतका मऊ पडू द्या. हातमोजे घाला, गराने खाज सुटते. फळं पाण्यात कुस्करून चहाच्या गाळणीत तीनचार वेळा धुवा. गर राहिला की बुरशी आलीच, आणि रोपं मरतात ती बहुतेक तिच्यामुळेच.

चाळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ओलं करून पसरट डब्यात भरा, वर बी भुरभुरा, नुसतं दाबा. झाकण लावून २५ ते ३० अंशांत, थेट ऊन नको अशा उजेडात ठेवा. साधारण दोनतीन आठवड्यांत कोंब दिसतील. पाणी वरून ओतू नका, डबा पाण्यात ठेवून खालून शोषू द्या. दोनतीन पानं आल्यावर झाकण रोज थोडं थोडं उघडा.

कासाळूची, म्हणजे अळूच्याच कुळातल्या मोठ्या पानांच्या झाडाची, गोष्ट वेगळी. त्याची फळं लाल-केशरी, बी मोठं आणि मोजकं. ते वाळवून ठेवू नका, ताजंच लावा, वर पातळ थर चालतो.

काळ्या पानांच्या संकरित जातीचं बी धराल, तर रोपं आईसारखीच निघतील अशी आशा नको. हुबेहूब हवं असेल तर कंदच लावा.