अनुभव धागा: मुलांच्या लसीच्या दिवशी तुमचे लोकप्रतिनिधी कुठे होते?

नोव्हेंबर २०२२. गोवंडी भागात गोवराची साथ होती आणि मी तिथे परिचारिका म्हणून घरोघर फिरत होते. एका खोलीत भरदिवसा दाराला चादर लावलेली. आत चौदा महिन्यांचं मूल. उजेड सोसवत नव्हता म्हणून चादर. पुरळ कानामागून सुरू होऊन पोटापर्यंत उतरलेलं, डोळे लाल, नाक वाहतंय, आवाज बसलेला. आईने माता-बाल संरक्षण कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं. साडेतीन महिन्यांपर्यंतच्या सगळ्या नोंदी नीट, नवव्या महिन्याचा, गोवराच्या डोसाचा रकाना कोरा. पेंटाच्या, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीच्या, तिसऱ्या डोसाला मांडी सुजली, रात्रभर ताप होता, तेव्हा दिराने सांगितलं, आता पुरे. आणि घरात कुणी त्याला उलट बोललं नाही.

त्या गल्लीत डॉक्टरपेक्षा ज्याचं ऐकतात अशी एकच व्यक्ती होती, तिथले माजी नगरसेवक. पालिकेची मुदत मार्चमध्येच संपलेली, प्रशासक आलेला, तरी नळाचं पाणी गेलं की लोक त्यांच्याकडेच जायचे. मी गेले. माणूस चांगला. मंडप दिला, खुर्च्या दिल्या, पाण्याचे जार दिले, घरोघर निरोप द्यायला चार पोरं दिली. शेवटी म्हणाले, "सिस्टर, सगळं घ्या. फक्त बॅनरवर माझं नाव नको, आणि मला बोलायला उभं करू नका." पल्स पोलिओच्या रविवारी याच गल्लीत त्यांचा दाराएवढा फोटो लागायचा. थेंब पाजताना मूल रडत नाही, रात्री तापत नाही, फोटो छान येतो. सुईचं तसं नाही.

तेव्हापासून हा प्रश्न मनातून जात नाही. म्हणून हा धागा. तुमच्या भागात मुलांच्या लसीबद्दल कुणा पुढाऱ्याने उघडपणे सांगितलं का? नसेल सांगितलं, तर का, असं तुम्हाला वाटतं? माणसाचं नाव आणि पक्ष लिहू नका. लस द्यावी की नाही हा वादही इथे नको. गोवर झालेलं एक मूल लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना तो देऊ शकतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यावर माझ्यापुरती चर्चा संपलेली आहे.

माजी नगरसेवक, पश्चिम महाराष्ट्र

प्रश्न माझ्यासारख्यालाच आहे, म्हणून सरळ लिहितो. दहा वर्षं नगरपरिषदेत होतो.

२०१८च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेलाची मोहीम आली. नऊ महिने ते पंधरा वर्षं, सगळ्या मुलांना एक डोस, आधी घेतलेला असो वा नसो. मला उद्घाटनाला बोलावलं होतं. फीत कापली, नारळ फोडला, चहा घेतला आणि निघालो. भाषण टाळलं. कारण त्याच्या आदल्या वर्षी जंताच्या गोळीच्या वेळी मी माइकवरून सांगितलं होतं की सगळ्यांनी पोरांना गोळी द्या. एका मुलीला उलट्या झाल्या. रात्री अकराला तिचा बाप आणि मागे पंधरा माणसं माझ्या दारात. "तुम्ही सांगितलं म्हणून दिली." तिला सलाईन लावलं, सकाळी ती उठून पोहे खात होती. पण ती रात्र माझ्या नावावर कायमची लिहिली गेली. पुढच्या निवडणुकीत त्या गल्लीत फिरताना प्रत्येक उंबऱ्यावर तीच गोष्ट निघाली.

हिशेब असा असतो बघा. गटार बांधलं की दिसतं, दिवा लावला की दिसतो. डोस घेतल्यामुळे ज्याच्या पोराला गोवर झाला नाही त्याला ते कळतच नाही, मग तो आभार मानायला येणार कसा? ज्याच्या पोराला एक रात्र ताप आला तो मात्र पाच वर्षं विसरत नाही. आणि वॉर्डाची निवडणूक शे-दीडशे मतांवर असते. समोरचा उमेदवार लसीच्या विरोधात एक शब्द बोलणार नाही, तोही मुलाबाळांचा माणूस आहे. पण त्याची पोरं पारावर बोलतील. "बोलू नका" असं मला पक्षातून कधी कुणी सांगितलं नाही. सांगावं लागत नाही.

माझ्या नातवाचे सगळे डोस वेळेवर झाले, शहरातल्या खासगी दवाखान्यात. ते मी वॉर्डात एकालाही सांगितलं नाही. आज लिहिताना सगळ्यात जास्त तेच टोचतंय.

धागाकर्ती

दादा, तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. बाकीच्यांना विनंती, त्यांना उणंदुणं बोलू नका. आतून बोलणारा माणूस क्वचित मिळतो.

शिक्षिका, मराठवाडा, अनुदानित शाळा

त्याच मोहिमेतला आमचा अनुभव. मोहीम शाळेतच होती, टेबलं मांडायची, रांगा लावायच्या आणि डाव्या अंगठ्याच्या नखावर शाईची खूण करायची. मोहिमेच्या चार दिवस आधी पालकांच्या ग्रुपवर एक क्लिप फिरली, कुठल्या तरी बाईचा आवाज, "या सुईने मुलं पुढे बाप होणार नाहीत." कोण बाई, कुठली, काही नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गातली अर्धी मुलं घरी.

मुख्याध्यापकांनी ठरवलं की संस्थेच्या अध्यक्षांच्या सहीचं पत्र पालकांना द्यायचं. अध्यक्ष म्हणजे तालुक्याचे मोठे पुढारी. आपल्याकडे शाळा, कारखाना, बँक आणि मतदारसंघ यांची एकच वीण असते, हे काही नवीन नाही. पत्र मीच लिहिलं होतं, आठ ओळींचं. ते सहीशिवाय परत आलं. निरोप असा की लसीकरण जरूर करा, पण संस्थेच्या लेटरहेडवर काही काढू नका. त्यांच्या शब्दावर शे-दोनशे आया निर्धास्त झाल्या असत्या. मी प्रत्येक आईला ते कसं पटवून देणार?

मग जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयाने तिथल्या शाळांमधलं लसीकरण पालकांच्या संमतीशिवाय करू नका असं सांगितलं. आमच्या ग्रुपवर येईपर्यंत त्याचं "कोर्टाने लस बंद केली" झालं होतं. तेव्हाही एका ओळीचा खुलासा कुणी केला नाही. आम्ही शिक्षिकाच घरोघरी गेलो. काही घरांत बसायलाही सांगितलं नाही.

निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय ७८

तुम्ही सगळे तरुण आहात, म्हणून जुनी गोष्ट सांगतो. पुढाऱ्यांची ही भीती २०१८ची नाही, १९७६ची आहे.

आणीबाणीत आम्हा शिक्षकांना नसबंदीच्या केसेस आणायला लावलं होतं. केस नाही तर पगार अडकेल, ही टांगती तलवार. मी एका शेतमजुराला समजावून नेलं होतं. त्याला दोन मुली होत्या. तो काही बोलला नाही, पण पुढे आयुष्यभर माझ्याकडे मान वर करून बघितलं नाही. सरकारी जीप गावात शिरली की माणसं उसात पळायची. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून त्याचा कायदा झाला नाही. १९७७मध्ये केंद्रातलं सरकार पडलं, आणि राजकारणातला प्रत्येक जण एक धडा शिकला: माणसाच्या शरीराशी निगडित काही सांगायला जाऊ नये, मतं जातात.

धडा चुकीच्या जागी लागू झाला, असं माझं मत आहे. लोक चिडले होते ते जबरदस्तीवर. समजावून सांगण्यावर नाही. पण तेव्हापासून पुढाऱ्यांनी दोन्ही सोडून दिलं. पल्स पोलिओच्या सुरुवातीच्या वर्षांत मी घरोघर फिरायचो. दारावर खडूने खूण करायची, सगळी मुलं झाली तर पी, राहिली तर एक्स. एका म्हातारीने थेंबांच्या बाटलीकडे बोट करून विचारलं, "गुरुजी, ह्ये ते नसबंदीचं तर न्हवं?" वीस वर्षं झाली होती. आपल्या देशातला नैसर्गिक विषाणूच्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मध्ये सापडला. ही खडूवाली माणसं होती, म्हणून तो दिवस आला.

आरोग्यसेविका, यवतमाळ जिल्हा

३१ जानेवारी २०२१ला घाटंजी तालुक्यात पोलिओच्या बूथवर बारा लेकरांना थेंबांऐवजी सॅनिटायझर दिलं गेलं, हे सगळ्यांना आठवत असेल. चूक भयंकर होती, कर्मचारी निलंबित झाले, ते योग्यच. सुदैवाने लेकरं वाचली. मी शेजारच्या तालुक्यात आहे. त्या आठवड्यात जो तो त्यावर बोलत होता. पुढाऱ्यांची पत्रकं, मागण्या, सगळं झालं.

पुढच्या फेरीला मी एका दारात उभी होते. तीन वर्षांचं पोर आईच्या मागे लपलेलं. ती म्हणाली, "बाई, माह्या पोराले आता कोनताच डोस नोका देऊ." मी बाटली तिच्या हातात दिली, लेबल वाचून दाखवलं, बाटलीवरचा चौकोन दाखवला, तो आतून पांढरा आहे म्हणजे औषध चांगलं आहे. एक थेंब स्वतःच्या हातावर टाकून दाखवला. वीस मिनिटं लागली एका घराला. माझ्या यादीत दीडशेच्या वर घरं. रागावायला सगळे आले होते, विश्वास परत मिळवायला आमच्या गावात कुणी आलं नाही. माझं एवढंच दुखणं आहे.

गृहिणी, लंडन (मूळ गाव सांगली)

हे फक्त आपल्याकडचं नाही, म्हणून लिहितेय. माझा मुलगा २००० सालचा. १९९८मध्ये वेकफील्ड नावाच्या डॉक्टरने लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात अवघ्या बारा मुलांवरचा लेख छापला आणि गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा ऑटिझमशी संबंध असल्याची शंका इथे घराघरांत शिरली. माझ्या मुलाच्या डोसाची वेळ आली तेव्हा टोनी ब्लेअर पंतप्रधान होते. त्यांचा धाकटा, लिओ, माझ्या मुलाच्याच वयाचा. डिसेंबर २००१मध्ये त्यांना विचारलं गेलं, लिओला लस दिली का? लस सुरक्षित आहे, असं सरकारचं म्हणणं होतंच. पण स्वतःच्या मुलाबद्दल सांगायला त्यांनी नकार दिला, तो कुटुंबाचा खासगी प्रश्न आहे म्हणाले.

त्यांची बाजू मला आज कळते. लहान मुलाची माहिती चव्हाट्यावर का आणायची? पण तेव्हा बागेत झोपाळ्यापाशी उभ्या असलेल्या आम्ही सगळ्या आया एकच वाक्य बोलायचो, "दिली असती तर सांगितलं असतं ना!" मी डोस आठ महिने पुढे ढकलला. सासूबाई सांगलीहून फोनवर रागावायच्या, त्यांचा एक दीर लहानपणी गोवराने गेला होता. शेवटी त्यांच्यामुळेच दिला. इंग्लंडमध्ये हा डोस घेतलेल्या दोन वर्षांच्या मुलांचं प्रमाण २००३-०४मध्ये ८० टक्क्यांवर आलं होतं, गोवर रोखायला ९५ लागतात. लॅन्सेटने तो लेख २०१०मध्ये मागे घेतला. लिओला लस दिली होती, हे त्याच्या आईने २००८मध्ये आत्मचरित्रात सांगितलं. तोवर माझा मुलगा दुसरीतिसरीत पोचला होता.

बाबा, पुणे

थोडक्यात. आमच्या सोसायटीत शिकलेसवरलेले पालक "नैसर्गिक प्रतिकारशक्ती"च्या नावाखाली डोस टाळतात. निवडणुकीआधीच्या बैठकीत उमेदवाराला मी हे विचारलं. ते म्हणाले, "हा प्रत्येकाचा वैयक्तिक निर्णय आहे." टाळ्या पडल्या. माझी मुलगी तेव्हा सात महिन्यांची होती, तिच्या डोसाला दोन महिने बाकी होते, आणि त्या पालकांची मुलं रोज तिच्याबरोबर लिफ्टमध्ये असायची.

एक प्रश्न, नागपूरहून

धागाकर्ती ताई, त्या चौदा महिन्यांच्या बाळाचं काय झालं?

धागाकर्ती

वाचलं. न्यूमोनिया झाला होता, नऊ दिवस रुग्णालयात होतं. व्हिटॅमिन एचे डोस दिले, ऑक्सिजन लावावा लागला. घरी आल्यावर दीर स्वतःच्या दोन मुलींना घेऊन केंद्रावर आला. माझ्याशी एक शब्द बोलला नाही, नुसतं कार्ड पुढे केलं.

माजी सरपंच, नाशिक जिल्हा

मी उशिरा वाचतेय. माझा अनुभव जरा वेगळा, म्हणून लिहिते.

आमच्या एका पाड्यावर डोसाला कुणी येत नव्हतं. आधीच्या सत्रात एका मुलाच्या दंडाला गाठ आली होती. आशाताई माझ्याकडे येऊन रडली, "सरपंचबाई, मी सकाळपासून सांगतेय, तिथं एकही बाई येत नाही." घरचे म्हणाले, तू पडू नकोस यात, काही झालं तर तुझ्या अंगावर येईल. भीती मलाही होती, खोटं कशाला बोलू.

माझा नातू तेव्हा नऊ महिने पुरे करून चार दिवस झालेला. त्याचा डोस गावातल्या उपकेंद्रात देणार होतो. मी सुनेला म्हटलं, चल, पाड्यावर देऊ. अंगणवाडीच्या ओट्यावर बसले, नातू मांडीवर. बाया लांब, चिंचेखाली. सिस्टरने निळ्या डब्यातून कुपी काढली, पाणी मिसळलं, हलवून उजेडात धरली. एका कुपीत बऱ्याच मुलांचे डोस असतात आणि फोडली की चार तासांत संपवायची, उरलं ते टाकून द्यायचं. एका मुलासाठी फोडायची का, असं मीच विचारलं. ती म्हणाली, एक असलं तरी फोडायची, नियम आहे. उजव्या दंडाला सुई दिली. नातवाने असा टाहो फोडला की कोंबड्या उडाल्या.

डोसानंतर अर्धा तास तिथेच थांबवतात, काही त्रास होतो का बघायला. तो अर्धा तास मी ओट्यावरच होते. पाच-सात मिनिटांत नातू गप्प झाला आणि माझ्या बांगड्या ओढायला लागला. चिंचेखालची एक म्हातारी उठून आली, त्याचा दंड चाचपून पाहिला, कपाळाला हात लावला. परत गेली. मग तिची सून आली. मी भाषण वगैरे काही केलं नाही, मला येतही नाही. रात्री ताप येईल, आला तर या गोळीचा इतका तुकडा द्या आणि मला फोन करा, एवढंच प्रत्येकीला सांगितलं आणि नंबर दिला. रात्री चार फोन आले. चौथा दीड वाजता. मुलगा मोटरसायकल काढून गेला, बाळाला नुसता ताप होता, सकाळी उतरला.

पुढच्या निवडणुकीत मी हरले. पाण्यामुळे हरले, असं गाव म्हणतं. पाड्यावरची मतं मला मिळाली होती का, ते मी कधी मोजून बघितलं नाही. त्या दिवशी सिस्टरला दुसरी कुपी फोडावी लागली होती, एवढं पक्कं आठवतं.