विषय: पुण्याची नोकरी घेऊन लिस्बनला, कोणी राहिलंय का?

नमस्कार मंडळी,

मी हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये, अकरा वर्षं एकाच कंपनीत. बायको डिझायनर, तिचं काम कुठूनही चालतं. डी-८ व्हिसावर (बाहेरच्या कंपनीचं काम पोर्तुगालमध्ये बसून करणाऱ्यांसाठीचा) यायचा विचार आहे, निदान तीन-चार वर्षांसाठी. मॅनेजर म्हणतो, "जा की. लॅपटॉप इथे उघडला काय, तिथे उघडला काय!" पगार अटीत बसतो. आणखी काय बघायचं?

— हिंजवडीहून

*

नमस्कार,

अकरा वर्षं म्हटल्यावर मॅनेजरचा शब्द तुम्हाला काळ्या दगडावरची रेघ वाटणार. मलाही वाटला होता. २०२३ च्या फेब्रुवारीत मी आले, आठ महिन्यांत माझे मॅनेजर दुसरीकडे गेले आणि नव्या बाईंनी पहिल्याच कॉलवर विचारलं, "पण तुम्ही पोर्तुगालमध्ये का आहात?" माझ्याकडे दाखवायला व्हिसापुरतं दोन ओळींचं पत्र. पुढचे तीन महिने कसे गेले ते भेटलात की सांगेन.

पगाराची अट म्हणजे इथल्या किमान वेतनाच्या चौपट. २०२५ साली किमान वेतन ८७० युरो, म्हणजे महिना ३,४८०. दर जानेवारीला आकडा वाढतो आणि तुमचा पगार रुपयांत आहे, तेव्हा काठावर असाल तर आत्ताच हिशोब करा. व्हिसा चार महिन्यांचा मिळतो, त्यात इथे येऊन दोन वर्षांचं कार्ड काढायचं. जुने ब्लॉग वाचून येऊ नका. त्यातलं 'सेफ', म्हणजे परदेशी लोकांना कार्ड देणारं सरकारी खातं, ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झालं, आता 'आयमा' आहे. एनएचआर नावाची करसवलतही नव्यांसाठी संपली.

आता कर. १८३ दिवसांच्या वर राहिलात की तुम्ही इथले करदाते, आणि मग जगभरातलं उत्पन्न इथे दाखवायचं. काम लिस्बनमध्ये बसून करता, म्हणून पगारावर पहिला हक्क पोर्तुगालचा. तिकडे पेरोलवाले मात्र सवयीने टीडीएस कापत राहतात. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पैसे परत मिळतात, पण भारतात रिटर्न भरून मागितल्यावर. शिवाय फॉर्म १६ एप्रिल ते मार्चचा आणि इथलं रिटर्न जानेवारी ते डिसेंबरचं. बारा पगारपत्रकं समोर घेऊन मी हाताने बेरीज करते, दर महिन्याचा युरोचा भाव लावून. ('पगार' हा शब्द आपण पोर्तुगीजांकडूनच घेतला. इथे मात्र पगार म्हणजे 'पैसे चुकते करणे'. बरोबरच आहे.)

पीएफचं नीट विचारा. भारत-पोर्तुगाल सामाजिक सुरक्षा करार २०१७ पासून लागू आहे. तुमची वर्गणी भारतात चालू आहे असं ईपीएफओचं (पीएफ खात्याचं) प्रमाणपत्र असेल तर इथे वेगळी वर्गणी भरावी लागत नाही. पण तो करार कंपनीने 'पाठवलेल्या' माणसासाठी आहे. तुम्ही स्वतःच्या हौसेने येताय. कंपनी तसं लिहून देईल का? बऱ्याच देत नाहीत, कारण त्यांना धास्ती असते की एक माणूस तिथे बसला म्हणून आपलं तिथे दुकान आहे असं इथलं करखातं धरेल. मग गोड बोलून सुचवतात, "कॉन्ट्रॅक्टर व्हा ना." झालात की पीएफ गेला, पुढची ग्रॅच्युइटी गेली आणि इथे 'हिरव्या पावत्या' (स्वतंत्र काम करणाऱ्यांची बिलं) फाडायच्या. पहिले बारा महिने सामाजिक सुरक्षेची वर्गणी माफ असते, नंतर उत्पन्नाच्या ७० टक्क्यांवर २१.४ टक्के.

राहिलं घड्याळ. पुण्याचं दहाचं स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची बैठक, इथे उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर साडेचारला. रात्री साडेआठला मी झोपते आणि इमारतीतली माणसं तेव्हा कुठे जेवायला बसतात. दीड वर्ष मी समोरच्या आजींशी 'बों दीया'पलीकडे बोलले नव्हते. पासपोर्टवर शिक्का लिस्बनचा, राहत होते मात्र कोथरूडमध्येच.

— अल्मादाहून

*

ताईंचं कराचं आणि पीएफचं म्हणणं शंभर टक्के. त्यात एकच भर: भारतातलं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करून घ्या आणि जुनं सिम चालू ठेवा, ओटीपी त्याच्यावरच येतो.

घड्याळाबद्दल मात्र माझं उलट आहे. पुण्यात जेवणाची सुट्टी होते तेव्हा सेतुबालमध्ये सकाळचे साडेसात-आठ. तेवढ्यात मी लिव्रामेंतोच्या बाजारातून तारल्या घेऊन येतो. (सोमवारी बाजार बंद.) दीड-अडीचला लॅपटॉप मिटला की उरलेला दिवस माझा. सरकारी कामं, मुलीची शाळा, सगळं उजेडात. परदेशी लोकांसाठी 'प्ला' नावाचा पोर्तुगीजचा फुकट वर्ग असतो, तिथे नाव घातलं. ताईंनी दुपारी झोप काढली असेल, असा माझा संशय आहे.

— सेतुबालचा काका

*

काका, काढली. वर्गाला आता मीही जाते. त्या आजी माझ्या उच्चारांवर मनापासून हसतात.

— अल्मादाहून

*

ताई, काका, मनापासून आभार.

एचआरला सोमवारी मेल टाकला. तीनच प्रश्न विचारले: परवानगी लेखी आणि किती वर्षांची, टीडीएसचं काय, प्रमाणपत्राला अर्ज करणार का. उत्तर आलं, "लीगलशी बोलून कळवतो." मग मॅनेजरचा मेसेज आला, "अरे, एवढं ऑफिशियल कशाला केलंस?" आज स्टँडअपला त्याचा कॅमेरा बंद होता.

बायको घरं बघतेय, लिस्बनपेक्षा नदीपलीकडचं अल्मादा स्वस्त पडेल म्हणते. घरभाड्याच्या करारावर मी अजून सही करू दिलेली नाही.

— हिंजवडीहून